आवाजांची बैठकव्यवस्था

अण्णांनी आयुष्यभर लोकांना आपापल्या जागेवर बसवण्याचं काम केलं. परीक्षा मंडळाच्या कचेरीत बैठकव्यवस्थेचं टेबल त्यांच्याकडे होतं. कुठल्या शाळेत, कुठल्या खोलीत, कुठल्या बाकावर कोण बसणार हे ते ठरवत आणि एकदा ठरलं की बड्या साहेबाच्या भाच्यालाही तिथून हलता येत नसे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण खुमखुमी गेली नाही. दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या आजारी माणसांनाही ते सांगत, "तुम्ही जरा पलीकडे सरका, म्हणजे ओळ नीट होईल." आणि लोक सरकतसुद्धा. तापात माणूस वाद घालत नाही.

अशा माणसाच्या घरात, त्याच्या सख्ख्या आईने एका रविवारी जाहीर केलं, की यापुढे मला त्या फोनसमोर बसवू नका.

फोन म्हणजे दर रविवारचा व्हिडिओ कॉल. अण्णांची भावंडं तीन आणि तिघं तीन गावांना. बहिणीची साठी उलटली तरी सगळे तिला बेबीच म्हणतात. ती कॉलेजात प्राचार्य होती, त्यामुळे कोणाचं ऐकून घ्यायची सवय राहिलेली नाही. मधला भाऊ दातांचा डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं असलं तरी बोलायचं आपणच, अशी त्याची समजूत आहे. धाकट्याची बेकरी आहे आणि देहाने तो तिघांत थोरला आहे. रविवारी सकाळी हे तिघं पडद्यावर आपापल्या चौकोनात येऊन बसत आणि "आई, कशी आहेस?" हा प्रश्न एकामागून एक तीनदा होत असे. आई तीनदा "बरी आहे" म्हणे. मग हवापाणी होई, कोणाचा तरी आवाज अडके आणि कॉल संपे.

आईच्या डोळ्यांना आताशा पडद्यावर नुसते डाग दिसत. उरले कान.

"मला काही ऐकू येत नाही," ती म्हणाली. "सगळे एकाच डब्यातून बोलतात. हा कोण, हे कळेपर्यंत दुसरा सुरू झालेला असतो. मी तोंड कोणाकडे करू? तुम्ही बोला आपले आणि मला काय ते नंतर सांगा."

ते "नंतर सांगा" अण्णांना लागलं. आई आहे, घरात आहे, शुद्धीत आहे, आणि तिला तिच्याच मुलांच्या बातम्या निरोपासारख्या सांगायच्या? त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण नेहमीपेक्षा कमी.

आधी कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं, "यांचे कान माझ्यापेक्षा बरे आहेत." ते खरंच होतं. पलीकडच्या खोलीत बसून दूध उतू जायच्या बेतात आहे हे आईला कळतं, आणि गॅसजवळ उभ्या असलेल्या काकूंना, म्हणजे अण्णांच्या बायकोला, कळत नाही. या विषयावर घरात बोलायचं नाही असं ठरलेलं आहे.

मग अण्णांनी लेकीला फोन लावला. लेक संगणकातली.

"बाबा, साधी गोष्ट आहे," ती म्हणाली. "खोलीत चारजण बोलत असले, तर कोण कुठे आहे हे आपल्याला दोन कानांवरून कळतं. कॉलमध्ये सगळ्यांचा आवाज एकाच भोकातून येतो. आजीला हेडफोन लावा. त्यात एक सोय असते, प्रत्येकाचा आवाज वेगळ्या बाजूने येतो."

हेडफोन आले. आईने ते कानांवर चढवून घेतले आणि न दिसणाऱ्या पडद्यासमोर ताठ बसली. सोय होती, नाही असं नाही. पण त्या सोयीला आपली बैठकव्यवस्था कशी समजणार? जो आधी येईल तो डावीकडे, नंतरचा उजवीकडे, असा तिचा कारभार. धाकट्याच्या बेकरीतलं नेटवर्क बेभरवशाचं. तो सारखा तुटे आणि परत येई, आणि येई तो दर वेळी नव्या बाजूने.

"हा घरभर का फिरतोय?" आई मोठ्याने म्हणाली. हेडफोन घातलेलं माणूस मोठ्यानेच बोलतं. "एका जागी बस म्हणावं त्याला."

मग ती बेबीशी बोलायला उजवीकडे वळली. ती वळली तशी बेबीही तिच्याबरोबर वळली आणि पुन्हा उजवीकडेच राहिली. आईने आणखी मान वळवली. बेबी आणखी पुढे. असं करत करत आई भिंतीकडे तोंड करून बसली तेव्हा काकूंनी हळूच ते हेडफोन काढून घेतले.

पण अण्णांच्या डोक्यात एक वाक्य पक्कं बसलं होतं. एका जागी बस. हे काम संगणकाचं नव्हतंच मुळी, त्यांचंच होतं. घरात अजून ते जुनं जेवणाचं टेबल होतं, ज्याच्याभोवती चारही मुलं वाढली. टोकाला, शेगडीच्या बाजूची खुर्ची आईची. समोरच्या टोकाची वडिलांची. ती ते गेल्यापासून तशीच होती, तिच्यावर कोणी बसत नसे आणि का बसत नाही हेही कोणी विचारत नसे. बाजूच्या चारांपैकी एक धाकट्याने मागच्या भेटीत बसून मोडली होती. राहिल्या तीन. तीन खुर्च्या, तीन भावंडं, प्रत्येक खुर्चीवर एक फोन. ज्याचा आवाज त्याच्या खुर्चीतून. अण्णा घरातच असतात, त्यांना आणि खुर्ची कशाला?

अण्णांनी त्याच संध्याकाळी भावंडांच्या ग्रुपवर बैठकव्यवस्था जाहीर केली. आईच्या उजव्या हाताला बेबी, डाव्या हाताला मधला, त्याच्या पलीकडे धाकटा. आणि जुन्या सवयीने खाली एक ओळ टाकली, की हरकती असल्यास शनिवारपर्यंत कळवाव्यात. ही ओळ त्यांनी टाकली नसती तर पुढचं निम्मं रामायण टळलं असतं.

हरकती रात्रीच्या आत आल्या. मधल्याचं म्हणणं, आईच्या उजव्या हाताला लहानपणापासून तो बसायचा, कारण तो काही खात नसे आणि आईचा उजवा हात त्याला भरवण्यासाठी मोकळा लागे. बेबीचं म्हणणं, उजव्या हाताला ती आहे ते ठीकच आहे, पण मधला आईच्या शेजारी नव्हताच कधी. तो टेबलाच्या कडेला बसून पोळीचे तुकडे खिडकीतून कावळ्यांना टाकायचा आणि हे तिने डोळ्यांनी पाहिलंय. धाकट्याने कळवलं, की तो शाळेत जाईपर्यंत आईच्या मांडीवर बसत असे, तेव्हा त्याचा दावा खुर्चीवर नसून मांडीवर आहे. मग मधल्याने लांबलचक बोलके संदेश पाठवले. बेबीने ते न ऐकताच उत्तरं दिली. शेवटी तिने लिहिलं, "मला बोलवायची काही गरज नाही. मी कडेला उभी राहते." म्हणजे ती रुसली.

अण्णांनी कपाळाला हात लावला. हजारो मुलांना त्यांनी बसवलं होतं, एकानेही कधी मांडी मागितली नव्हती.

तरीही ते कामाला लागले. त्यांचा एक फोन, काकूंचा एक. तिसरा वरच्या मजल्यावरच्या वकिलांनी दिला, त्यांच्या ऑफिसातला जुना. वकील सज्जन गृहस्थ, पण वस्तू देतात तेव्हा सल्लाही सोबत देतात. "अण्णासाहेब, आवाज तोंडाच्या उंचीवरून आला पाहिजे. नाहीतर माणूस पायाशी पडून बोलतोय असं वाटतं." आणि त्यांनी उंची वाढवायला कायद्याचे जाडजूड ग्रंथ खाली पाठवून दिले. समोरच्या बाई गाणं शिकवतात. त्या म्हणाल्या, "फोन पातेल्यात ठेवा, आवाज भरदार होतो." तेव्हा प्रत्येक खुर्चीवर ग्रंथ, ग्रंथांवर पातेलं, पातेल्यात फोन, असं तीन माणसांचं कुटुंब उभं राहिलं. काकूंनी बघितलं आणि विचारलं, "आणि मी स्वयंपाक कशात करू?"

शनिवारी चाचणी झाली. आईला काही सांगितलं नव्हतं, ती आतल्या खोलीत पडली होती. भावंडांनाही नाही. चाचणीसाठी लेकीला एकटीला बोलावलं आणि तिन्ही फोन तिच्याच कॉलला जोडले. लेक म्हणाली, "हॅलो बाबा."

ते हॅलो तीन पातेल्यांतून निघालं. एका पातेल्याचं दुसऱ्याने ऐकलं, दुसऱ्याचं तिसऱ्याने, तिसऱ्याचं पुन्हा पहिल्याने, आणि प्रत्येकाने ते आणखी मोठं करून पुढे दिलं. हॅलोची शिट्टी झाली, शिट्टीची किंकाळी झाली. रस्त्यावरची कुत्री उठली. समोरच्या बाईंच्या शिष्येने तानपुरा खाली ठेवला. अण्णा या खुर्चीवरून त्या खुर्चीवर धावत होते आणि पातेल्यांवर झाकणं ठेवत होते, जसं काही ते उतू जातंय.

पाचच मिनिटांत सोसायटीचे सचिव दारात. सचिवांचं कोपऱ्यावर औषधांचं दुकान आहे, तिथून ते तसेच चष्मा कपाळावर ठेवून आले होते.

"अण्णासाहेब, काय चाललंय?"

इथे दुसरा कोणी म्हणाला असता, "काही नाही, फोन बिघडला." सचिव घरी गेले असते. पण अण्णा पडले कचेरीतले. ते म्हणाले, "थोडं ध्वनीचं काम आहे. उद्या सकाळी पुन्हा आहे. परवानगी लागत असेल तर रीतसर अर्ज देतो."

परवानगी लागते हे तोवर सचिवांनाही माहीत नव्हतं. पण कोणी समोरून मागतोय म्हटल्यावर द्यायची कशी सोडणार? अण्णांनी अर्ज दिला. सचिवांनी तो वाचला आणि त्यात शंका काढली, की हा कार्यक्रम खासगी आहे की जाहीर. अण्णांनी लिहिलं, खासगी. सचिव म्हणाले, मग परवानगी कशाची मागताय?  सगळ्या नोकरीत त्यांना कोणी असं कोंडीत पकडलं नव्हतं. शेवटी असं ठरलं, की सचिव स्वतः हजर राहून पाहणी करतील आणि वकील त्यांच्यासोबत असतील. काकूंनी दोन कप चहा वाढवायचा.

शिट्टीचं मात्र तसंच होतं. अण्णांनी दुपारभर फोनची तोंडं इकडेतिकडे फिरवून पाहिली, एकाला टॉवेल गुंडाळला, एकाला भिंतीकडे बसवलं. काकू भाजी निवडत बघत होत्या. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "अहो, तिन्ही फोनवर तेच तिघं कशाला बोलावताय? बेबीवन्संना एका फोनवर लावा, मधल्या भावजींना दुसऱ्या, धाकट्यांना तिसऱ्या. साधे वेगळे वेगळे कॉल. एकमेकांचं त्यांना टेबलावरून ऐकू येईलच की. घरी जेवायला बसल्यावर कसं ऐकू यायचं?"

अण्णांनी हातातला टॉवेल खाली ठेवला. हे आपल्याला सुचायला हवं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं, आणि काकूंना पुरतं दिसलं होतं. "बघतो करून," ते म्हणाले. त्यांच्याकडून याहून मोठं कौतुक कोणाला मिळालेलं नाही.

रविवार उजाडला. काकूंनी आईला हाताला धरून टेबलाशी आणलं. "कशाला गं?" आई म्हणाली. "मी काय करू तिथे?" पण बसली. सचिव आणि वकील दाराजवळ स्टुलांवर पाहणीला बसले. अण्णांनी एकेक फोन लावला. बेबी आधी उचलेना. मग उचलला.

"बेबी, बोल," अण्णा म्हणाले.

"आई," उजवीकडच्या पातेल्यातून आवाज आला.

आईची मान झटकन उजवीकडे गेली. बरोबर त्या खुर्चीकडे. तिने हात लांब केला, तो पातेल्याच्या कडेला लागला, आणि तिने तो तिथेच ठेवला. "बेबी, इथे आहेस होय तू," ती म्हणाली.  सचिवांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

इथवर ठीक. पण पुढे काही जमेना. ग्रुपवरचं भांडण तिघांच्याही पोटात होतं. बेबी म्हणाली, "मधल्याला बोलू दे आधी. मी काय, कडेची." मधला म्हणाला, "नाही नाही, मोठ्यांनी बोलावं." धाकटा नुसता "हो, हो" म्हणत राहिला. तिघंही पाळीपाळीने, मोजूनमापून, एखाद्या मुलाखतीला बसल्यासारखे बोलत होते. "आई, कशी आहेस?" तीनदा झालं. तिन्ही दिशांनी झालं, एवढाच काय तो फरक. आईने तीनदा "बरी आहे" म्हटलं आणि तिचा हात पातेल्यावरून हळूच मांडीवर आला.

अण्णांनी तो हात पाहिला. एवढं सगळं करून ती पुन्हा उठून आत जाणार होती.

नेमका त्याच वेळी मधल्याच्या फोनचा चार्जर ढिला झाला. वकिलांच्या त्या जुन्या फोनची बॅटरी चार्जरवाचून श्वासही घेत नसे. अण्णा घाईघाईने टेबलाखाली शिरले, एका हाताने वायर धरली आणि दुसरा हात वर घालून फोन सावरायला गेले. त्या क्षणी फोनवर दुसरा कॉल येत होता. अण्णांचं बोट बरोबर त्यावर पडलं. मधला गप्प झाला, आणि त्याच्या पातेल्यातून एक अनोळखी, रडवेला पुरुषी आवाज आला.

"वकीलसाहेब, ती म्हणते घर तिचं आहे. मी जाऊ कुठे?"

 वकील स्टुलावरून अर्धे उठले.

"कोण आहे ते?" बेबीने विचारलं. "मधल्याच्या जागेवर कोण बसलंय?"

"बाळा," आई त्या पातेल्याकडे वळून म्हणाली, "आधी काही खाऊन घे. रिकाम्या पोटी घर सोडू नये."

तो माणूस "बरं" म्हणाला. वकिलांनी धावत येऊन त्याला उद्याची वेळ दिली आणि फोन ठेवला. त्याबरोबर मधला परत आला, आणि आला तो उखडूनच.

"मला उठवून तिथे कोणाला बसवलं?"

"कोणालाही बसवू देत," बेबी म्हणाली, "तसाही तू आईशेजारी बसायचासच कुठे?"

"मी नाही? मी? आणि ते भरवायचं काय मग?"

"भरवायची ती मला," धाकटा म्हणाला. "मी मांडीवर होतो."

"तू गप्प बस, तू खुर्च्या मोडतोस."

"खुर्ची आधीच खिळखिळी होती, अण्णाला विचार."

"कावळ्यांना विचार, कोण कडेला बसायचं ते."

आता तिघंही एकदम बोलत होते. नेहमीच्या कॉलमध्ये एकाचा आवाज वर आला की दुसऱ्याचा दाबला जातो, त्यामुळे भांडणाला कधी रंग चढत नाही. इथे कोणी कोणाला दाबत नव्हतं. उजवीकडून बेबी, डावीकडून मधला, त्याच्या पलीकडून धाकटा, तिन्ही पातेली खणखणत होती. अण्णा टेबलाखालून ओरडले, "शांतता राखा. एकावेळी एकानेच बोला." परीक्षेच्या खोलीत या वाक्याने मुलं गार पडत. इथे कोणी लक्षही दिलं नाही.

आणि आई उठली. उठून आत गेली नाही. सवयीच्या पावलांनी ती शेगडीपाशी गेली, टेबलाकडे पाठ करून उभी राहिली आणि रिकाम्या ओट्यावर दोन्ही हात टेकले. काकू तिला धरायला पुढे झाल्या आणि थांबल्या. कारण आई हसत होती.

"मधल्या," ती पाठ न वळवता म्हणाली, "खुर्ची मागे झुलवू नकोस, पडशील."

मधल्याच्या घरी, शेकडो मैलांवर, खुर्चीचे पुढचे दोन पाय टक् करून जमिनीला टेकले. ते सगळ्यांनी ऐकलं.

"बेबी, पेन आपटणं बंद कर. आणि धाकट्या, तोंडात काकडी आहे ती आधी संपव, मग भांड."

धाकट्याने घास गिळला. तोही ऐकू आला.

"आई, पण तू सांग ना," बेबी म्हणाली. प्राचार्यांचा आवाज कुठच्या कुठे गेला होता, तो दहा वर्षांच्या मुलीचा झाला होता. "तुझ्या शेजारी कोण बसायचं?"

"मी कुठे बसायचे?" आई म्हणाली. "मी इथे अशीच उभी असायचे, तुमच्याकडे पाठ करून, तुमची पानं वाढत. तुम्ही रोज जागेवरून भांडायचात. जागा ठरल्या असत्या तर भांडला असता कशाला? मला मागे वळून बघायला लागायचं नाही. कोण कोणाला चिमटा काढतंय, कोण जेवला नाही, सगळं पाठीला ऐकू यायचं." ती थोडी थांबली. "ते बंदच झालं. तुम्ही सगळे एकदम शहाणे झालात. मला वाटलं, कान गेले."

 दाराजवळ सचिवांनी रुमाल काढला आणि चष्मा पुसायला घेतला, तो बराच वेळ पुसत राहिले.

"आणि मोठा कुठाय?" आईने विचारलं. "त्याचा आवाज खालून येतोय."

"टेबलाखाली आहे, आई," अण्णा म्हणाले. "वायर धरून."

"तुझी जागा कुठली?"

 सगळ्यांना बसवलं होतं, आपली जागा त्यांनी ठरवलीच नव्हती. तशी ती कुठल्याच परीक्षेत नसायची. ते बाकांच्या मधून फिरायचे.

"मी घरातच असतो ना," ते म्हणाले. "मला कशाला?"

"काही नको खाली राहायला. गुडघे दुखतात तुझे, रोज सकाळी ऐकते मी. समोरची खुर्ची आहे ना रिकामी? बस तिच्यावर."

"आई, ती बाबांची."

"मग कोणी बसायचं? मी?"

वकिलांनी पुढे होऊन अण्णांच्या हातातली वायर घेतली आणि स्वतः टेबलाखाली बसले. अण्णा बाहेर आले, गुडघे झटकले आणि वडिलांच्या खुर्चीत अंग चोरून बसले. खुर्ची करकरली. शेगडीपाशी पाठ करून उभ्या असलेल्या आईने तो आवाज ऐकला आणि मान हलवली.

"हं. आले सगळे," ती म्हणाली. "आता भांडा."

 मग अण्णांनी घसा साफ केला.

"खरं सांगायचं तर," ते म्हणाले, "उजव्या हाताला मी बसायचो."